पोपटी पाणी

देवाजी निनावे खाप्याचे रंगारी. सुताच्या लडी रंगवायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी आमची मैत्री होती.

बाकीचे रंगारी उरलेलं रंगाचं पाणी कन्हानमध्ये सोडत. देवाजी सोडत नसत. नदी पुढच्या गावांनाही प्यायची असते, असं त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी अंगणातच खड्डा खणला होता. सारं पाणी त्यात मुरायचं. शेजारच्या मोगऱ्यापलीकडे घरची विहीर.

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी शामला आजारी पडली. अंगावर फोड, उलट्या. मग लघवी बंद होत आली. नागपूरच्या एका प्रयोगशाळेनं विहिरीच्या पाण्यात विष असल्याचं सांगितलं. रंग पक्का करायचा जो पिवळा खार असतो, त्यातलं. तोच खार गावाबाहेरच्या कारखान्यातही लागे. कारखान्याचा नालाच विहिरीत झिरपतो, याबद्दल देवाजींना शंका नव्हती. त्यांना ते सिद्ध करून नाला बंद पाडायचा होता. पोरगी वाचवायची होती.

प्रयोगशाळेतले मधुकरराव लालसर पूड घेऊन आले, तेव्हा मीही तिथे होतो. ती जिथे टाकू तिथलं पाणी विहिरीत पोचत असेल, तर विहीर चमकेल, म्हणाले.

"पहिले माह्या खड्ड्यात टाका," देवाजी म्हणाले. "नाही त कारखानेवाले म्हणतीन, रंगारी सोताचं झाकून राहिला."

"रंगाऱ्याच्या घरी रंग घेऊन आले सायेब," पडवीतून तुळसाबाई म्हणाल्या. "आता लुगडंही रंगवून घ्या."

देवाजी बायकोकडे बघून हसले. कितीतरी दिवसांनी.

मधुकररावांनी पूड खड्ड्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी देवाजींनीच विहिरीतून बादली ओढली. उन्हात आणून ठेवली.

पाणी पोपटी पेटलं होतं.

"असा रंग मले जन्मात साधला नाही," ते हळूच म्हणाले. मग मधुकररावांकडे वळले. "नाल्यात त अजून टाकलंच नाही ना, सायेब?"

"नाही."

देवाजींनी पुन्हा बादली विहिरीत सोडली. "सारं उपसतो. पोरीले चांगलं पाणी येईन."

"विष जमिनीत उतरलंय, देवाजी," मधुकरराव म्हणाले. " किती वर्षं झिरपत राहील, सांगता येत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. भरली बादली उचलून खड्ड्याकडे गेले. थांबले. नदीच्या वाटेला लागले. तिथेही थांबले.

"कुठी टाकू गा हे?" त्यांनी मला विचारलं.

बादली धरून ते तसेच उन्हात उभे राहिले.

आतून शामला पाणी मागत होती.