तिनं सांगितलेला खुनी

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीपुढं बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. दाणे ताटलीत, टरफलं पेपरावर. आमची मालिका लागली होती. आठवड्यातून एकदाच लागायची, म्हणून रविवारी जेवण लवकर उरकायचो.

मालिका खुनाची, पण हसवायचीही. तपास करणारा एक रिटायर तलाठी. पोट सुटलेलं, स्कूटर कधी धड सुरू होत नाही, अन् घरी बहिणीची बोलणी खातो. ज्याच्यावर संशय, त्यालाच स्कूटर ढकलायला लावतो. मी हसून हसून खोकायचो.

ती मालिका पुस्तकांवरून काढलेली. माझ्या बायकोनं लायब्ररीतून आणून सगळी पुस्तकं वाचलेली. मी चवथीतून सुटलो अन् अकोटच्या जिनिंगात कापूस ओढण्यात जन्म गेला. मला वाचायचा कंटाळा. म्हणून आमचं ठरलेलं होतं, मी खुनी ओळखायचा अन् तिनं तोंड उघडायचं नाही. बरोबर असो का चूक, तिच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. याचाच मला राग.

पुढच्या रविवारी शेवटचा भाग लागणार होता. मी म्हटलं, "कंपाउंडर हाय."

ती गप्प.

"मंग सरपंचाची सून?"

गप्प.

"अवं, काही तं बोल! दगडासंगं बोलून राह्यलो काय मी?"

"डॉक्टर हाय," ती म्हणाली. "घ्या. झालं समाधान?"

माझं डोकंच सरकलं. इतके दिवस पाहिलेलं सारं पाण्यात.

"तुले कोनं सांगाले सांगतलं व?"

"तुमीच तं मांगं लागले!"

"मांगं लागलो म्हणून सांगाचं असते काय?"

ती हसली. मी नाही हसलो. बोललोच नाही मग. सकाळी तिनं चहा दिला, तोही मुक्यानं प्यालो. दुपारी ती न्हाणीपाशी पडली. रिक्षा येईस्तोवर सगळं संपलं होतं.

इतक्या वर्षांच्या संसारात भांडणं काय कमी झाली? पण सगळी मिटली. हे एक मिटवायचं राहिलं.

अमरावतीहून पोरगी आली. तिनं कितीही आग्रह केला तरी मी अर्ध्या भाकरीवर उठायचो. सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत, म्हणून तिनं त्याच्यावर चादर टाकली. रविवारी वेळ झाली तशी मी ती चादर ओढली.

"बाबा! काय करून राह्यले तुमी? लोक काय म्हणतीन?"

"म्हातारा येडा झाला म्हणतीन. तुह्या मायनं सांगतलेला डॉक्टर पाहाचा हाय मले."

मग तिला सगळं सांगितलं. तिनं दार लोटलं, आवाज बारीक केला अन् माझ्याजवळ येऊन बसली. तलाठ्यानं फौजदाराला स्कूटर ढकलायला लावली तेव्हा ती फिसकन हसली, अन् मग ओढणीत तोंड घालून रडली.

खुनी डॉक्टर नव्हता. मेलेल्याचा थोरला भाऊ होता, पहिल्या भागापासून सगळ्यांत जास्त रडणारा.

"टीव्हीवाले बदलवतात बाबा," पोरगी म्हणाली. "पुस्तकात डॉक्टरच असंन."

असेलही. पण मला पक्कं पाहिजे होतं. पुस्तकातही डॉक्टर नसेल, तर बायकोनं मला मुद्दाम थाप मारली होती. माझी कटकटही थांबावी अन् मजाही जाऊ नये म्हणून. अन् मी त्या थापेवर रुसून बसलो होतो.

रात्र कशीबशी काढली. सकाळी लायब्ररी उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. सुतक होतं, म्हणून आत पाय ठेवला नाही. तिथल्या बाईंना दारातूनच विचारलं, "त्या तलाठ्याच्या पुस्तकात डॉक्टर खुनी हाय काय?"

"नाही हो काका, थोरला भाऊ. काकूंनी नाही सांगितलं? त्यांनी तर दोनदा नेलं ते पुस्तक."

"सांगतलं," मी म्हणालो. "खोटं सांगतलं."

बाई हसल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. मग मी ती गेल्याचं सांगितलं, अन् त्या उठून दारापर्यंत आल्या.

घरी आलो. पोरीला म्हटलं, "तुही माय पक्की खोटारडी होती." शेजारच्या घरून भाकरी अन् पिठलं आलं होतं. ते वाढायला सांगितलं. दोन भाकरी खाल्ल्या, अन् तिसरी मागून घेतली.