त्र्यंबकरावांच्या गाडीचं नाक

ठाण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या त्र्यंबकराव वैशंपायनांनी १९५२ साली मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून दोघांपुरती स्पोर्ट्स गाडी घेतली. रंग लाल, छत कापडाचं, आणि बसायला गेलं की माणूस आत जवळजवळ झोपतोच. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई तिला नुसतं "ती" म्हणत, आणि प्रेमानं नव्हे.

गाडी ठाण्यात झकास पळे. कळव्याचा पूल ओलांडून मुंब्र्याची धूळ लागली की खोकायला सुरुवात. हवा गाळणारा मूळचा फिल्टर पार सडला होता. कल्याणला माहेरी निघालेल्या सुहासिनीबाई तीनदा बैलगाडीतून पोचल्या. शेवटी त्यांनी बजावलं, "दसऱ्याला दादाकडे सोनं द्यायला जायचंय. वाटेत ही बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी विकायची. कबूल?"

"कबूल," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांना आठवडाभर झोप लागली नाही.

नव्या फिल्टरचा खटला पंधरा दिवस चालला. एकीकडे मुंबईहून आणलेला, इंजिनात हवा ओढणारा चकचकीत भोंगा. बॉनेटला भोक पाडून वर काढायचा, तोंड सताड उघडं. दुसरीकडे धोंडीबा मिस्त्रीनं मिलिटरीच्या भंगारातून आणलेलं लॉरीचं काळं डबडं. त्याच्या तळाशी तेल. धूळ तेलात चिकटते, स्वच्छ हवा इंजिनात जाते.

"वकीलसाहेब, वाळवंटात चाललंय हे. मुंब्रा काय घेऊन बसलात!"

"अरे, पण दिसतं कसं! नवरीच्या डोक्यावर रॉकेलचा डबा!"

मी शेजारी राहायचो आणि नुकताच इंजिनीअरिंगचा डिप्लोमा घेतला होता, म्हणून माझी साक्ष निघाली. मी कागदावर गणित मांडलं: भोंग्यात हवा अडत नाही, सबब ताकद जास्त. धूळ आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. निकाल भोंग्याच्या बाजूनं लागला.

दसऱ्याला दारात गाडीची पूजा मांडली. त्र्यंबकरावांनी इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं.

"अहो, बंद करा की ते! मला माझा मंत्र ऐकू येत नाही."

"असू दे गं. एकदा चालू झालंय, परत होईल न होईल."

सुहासिनीबाईंनी भोंग्याला हळदकुंकू लावलं. मग ओंजळभर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या नेमक्या त्याच्या तोंडावर वाहिल्या. सुर्रकन सगळं आत! गाडीला ठसका लागला, तिनं निम्म्या पाकळ्या बाईंच्या नव्या लुगड्यावर परत फेकल्या आणि बंद पडली.

धोंडीबानं दोन तास खपून उरलेली पूजा बाहेर काढली. मग काळं डबडं बसवलं. बॉनेट त्यावर मिटेना, म्हणून सुतळीनं बांधलं.

त्र्यंबकराव पायरीवर बसले होते. "बंद पडली. मी शब्द दिलाय. उद्या गिऱ्हाईक बघतो."

सुहासिनीबाई पदरावरचे तांदूळ झटकत होत्या. "मी 'वाटेत' म्हटलं होतं. ही दारात पडली. वकील ना तुम्ही? चला, दादा वाट बघत असेल."

अक्षता कुणी टाकल्या, हा मुद्दा कुणीच काढला नाही. त्या संध्याकाळी गाडी सुतळीसकट कल्याणला पोचली, एकदाही न खोकता.

पुढच्या दसऱ्याला सुहासिनीबाईंनी डबड्यालाच हार घातला. त्याआधी गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली.