मुरोरानची सात मिनिटं

लांबण लावणारी माणसं मला सोसत नाहीत. कुणी फोनवर "अगं, झालं काय की..." अशी सुरुवात केली की पुढचं वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण करून मोकळी होते. ऑकलंडमधल्या पेनरोजला एका गोदाम-कंपनीत माझी नोकरीच ती आहे. माल कसा येतो, कुठे ठेवतात, कसा निघतो हे कामगारांकडून ऐकायचं आणि चाळीस पानांचं चार पानांत बसवायचं. ऑफिसात याचं फार कौतुक होतं. कौतुकाची सवय वाईट, माणूस मग घरीही कात्री घेऊनच वावरतो. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते दुष्टपणाने केलं नाही, हुशारीने केलं. लाज वाटते ती त्याचीच.

बाबा तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे हिल्सबरोला आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच खेप. जन्मभर वीजमंडळात फोरमन, त्यामुळे पहाटे पाचला डोळे उघडायचे ते उघडायचेच. आमच्या समोरच्या घरात एक जपानी आजोबा राहायचे, त्यांच्या मुलीकडे. वय शहाऐंशी. मुरोरान नावाच्या शहरात पोलादाच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. दोघेही शिफ्टवाले, दोघेही परक्या देशात मुलीच्या घरी, आणि दोघांनाही सकाळी सहाला करण्यासारखं काही नाही. आठवडाभरात त्यांची जोडी जमली. डेअरीपर्यंत चालत जायचं, दूध घ्यायचं, आणि येताना मनुकाऊची खाडी दिसते त्या बाकावर बसायचं.

भाषेची अडचण होती, पण ती मला वाटायची तेवढी त्यांना वाटत नव्हती. आजोबांचं बोलण्यातलं इंग्रजी तुटक, बाबांचं त्याहून तुटक. उरलेलं काम हात, काठी आणि बाबांच्या खिशातलं पेन करायचं. बाबा घरी येऊन मला चहाबरोबर मुरोरान ऐकवायचे.

"हे बघ, होक्काइदो म्हणजे त्यांचं उत्तरेचं बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्याला त्यांचं गाव. जमिनीचा हात असा वाकडा समुद्रात गेलाय," बाबा स्वतःचा हात कोपरातून वाकवायचे, "आणि या आतल्या बाजूला बंदर. वारा अडतो ना. डोंगरातला कोळसा रेल्वेने यायचा आणि इथून जहाजात चढायचा. मग कारखाने आले. आहे की नाही अक्कल?"

"हो बाबा, उशीर होतोय मला."

"आणि एवढ्या उत्तरेला असून बर्फ त्या मानाने कमी. पण वारा असा की माणूस तिरका चालतो. उन्हाळ्यात धुकं. बाकी जपान घामाने निथळतं आणि हे लोक स्वेटर घालून बसतात. कोंबडीच्या नावाखाली डुक्कर खातात म्हणे, कांदा लावून, मोहरी चोपडून. कांदा मला चालला असता."

मी डबा भरता भरता हूं हूं करायचे. त्यातलं आज एवढं आठवतंय ते बाबांच्या त्या वाकवलेल्या हातामुळे.

हिवाळ्याच्या तोंडावर, म्हणजे इकडे मे महिन्यात, आमच्या भागातल्या लायब्ररीने शनिवार सकाळचा एक कार्यक्रम सुरू केला. बाहेरून येऊन इथे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या गावाबद्दल बोलायचं. आजोबांच्या मुलीने त्यांचं नाव दिलं. मग एका संध्याकाळी आजोबा स्वतः आमच्याकडे आले, दोन्ही हातांत एक पाकीट धरून. आत आलेखाच्या कागदाची चौदा पानं होती, पेन्सिलीने, सगळी मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं. कारखान्यात परदेशी इंजिनिअर यायचे, त्यांची ड्रॉइंग वाचता वाचता ते लिहायला शिकले होते. मे महिन्यापासून रोज थोडं थोडं लिहीत होते. मला म्हणाले, "प्लीज, इंग्रजी तेवढं तपासा."

इंग्रजी तेवढं. त्यांनी याहून जास्त काहीही मागितलं नव्हतं.

मी वाचायला बसले. पहिली दोन पानं नुसतं धुकं. ते कुठून येतं, कोणत्या टेकडीवर आधी चढतं, वाळत घातलेले कपडे कसे सुकतच नाहीत. मला वाटलं, झालं, नमनालाच घडाभर तेल. मग भट्ट्या आणि त्यांच्यामुळे तांबडं होणारं आभाळ. मग कोळशाची जहाजं. मग युद्धाचा शेवटचा उन्हाळा. समुद्रातून अमेरिकन युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या, त्या दिवशी हवा इतकी धूसर होती की जहाजं कुणाला दिसलीच नाहीत, नुसता आवाज. त्यांची मोठी बहीण त्या वेळी घराबाहेर होती. हे दीड पान. मग पुन्हा बांधलेले कारखाने, भरलेल्या शाळा, पुढे काम कमी होत गेलं तशी निघून गेलेली माणसं, आणि बंदरावरचा तो पांढरा सुंदर पूल, जो झाला तेव्हा त्यावरून जाणारे कमी होत चालले होते.

मला शाळेत भूगोलात पैकीच्या पैकी पडायचे. उत्तर मुद्देसूद हवं: स्थान, हवामान, इतिहास, उद्योग, लोकजीवन. प्रत्येकाला ठळक शीर्षक आणि खाली चार ओळी, म्हणजे तपासणाऱ्याला मार्क देण्यावाचून गत्यंतर नाही. मी त्या चौदा पानांचं तेच केलं. दोन संध्याकाळी बसले आणि लाल पेनने रेघा मारल्या. धुक्याची एक ओळ ठेवली. दीड पानाच्या बाजूला "टू लाँग" असं लिहिलं आणि त्याच्या जागी इतिहासाखाली वाक्य घातलं: युद्धात शहराचं नुकसान झालं आणि नंतर ते पुन्हा उभं राहिलं. टाइप करून प्रिंट काढली आणि ऑफिसच्या सवयीने वरती कोपऱ्यात लिहिलं, रिव्हिजन टू. वाचून पाहिलं तर बरोबर सात मिनिटं. मी स्वतःवर खूश होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते असंच असावं.

आजोबांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून ते वाचलं, एकेका ओळीखाली बोट ठेवत. शेवटी आले, मग पुन्हा मागे गेले. मग इतकंच विचारलं, "एवढंच ऐकायचं असतं का लोकांना?"

मी म्हणाले, "हो. जास्त झालं की लोक कंटाळतात."

ते उठले, वाकून नमस्कार केला आणि लाल रेघांची पानं आणि माझी प्रिंट, दोन्ही त्याच पाकिटात घालून घेऊन गेले. त्यानंतर पंधरा दिवस समोरच्या खिडकीत ते हातात कागद धरून उभे दिसायचे. पाठ करत होते.

त्या शनिवारी लायब्ररीत वीसेक माणसं असतील. बाहेर ऑकलंडचा नेहमीचा पाऊस, तासाला चारदा येणारा आणि जाणारा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. लायब्ररीतल्या बाईंनी "किया ओरा" म्हणून स्वागत केलं आणि आजोबांना सांगितलं की घाई नाही, पंधरा मिनिटं घ्या, वीस घ्या. मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. सात मिनिटांची मर्यादा कुणीच घातलेली नव्हती. ती माझी होती.

आजोबा कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "लोकेशन." मग स्थान झालं, मग "क्लायमेट" म्हणून हवामान झालं. एक अक्षर चुकलं नाही. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून बाहेर पडत होती आणि ती कुठल्याही शहराची असू शकली असती. बाबा पुढे वाकून ऐकत होते. हळूहळू ते खुर्चीला टेकले.

टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, "वी हॅव हीप्स ऑफ टाइम. कुणाला काही विचारायचंय?" मागच्या रांगेतला एक म्हातारा गोरा उठला. अगदी सौम्यपणे त्याने विचारलं, "युद्धात नुकसान झालं म्हणालात. तेव्हा तुम्ही तिथे होता का?"

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीपाशी उभी होते. ते विचारत होते, सांगू का? हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नव्हे. आणि मी घड्याळाकडे पाहिलं. पुढे कुठे जायचं नव्हतं, कुणी वाट पाहत नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी भरकटायला लागलं की मी पाहते तसं, निव्वळ सवयीने. त्यांनी ते पाहिलं.

"फार जुनी गोष्ट आहे," ते म्हणाले. "थँक यू." आणि खाली बसले.

घरी जाताना गाडी रोस्किलच्या सिग्नलला थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "बहिणीचं नाही सांगितलं त्यांनी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत असणार? बहीण होती, एवढं त्यांनी हाताने दाखवलं होतं. इतकी उंच. मग समुद्राकडे बोट दाखवून दोन्ही कान झाकले. पुढे मी विचारलं तर म्हणाले, पेपर, पेपर. म्हणजे सगळं कागदावर लिहिलंय, त्या दिवशी वाचेन. मी त्यासाठीच आलो होतो. तुला म्हणणार होतो, नंतर मराठीत सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगितलं की ते मी काढलं. बाबा रागावतील असं वाटलं होतं, पण ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "का गं?" सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन समोर गेले. बाबाही आले. मी माफी मागितली आणि म्हणाले, ती जुनी चौदा पानं मला द्या, मी जशीच्या तशी टाइप करते आणि लायब्ररीत पुन्हा वेळ मागून घेते. आजोबा गोंधळले. पानं नव्हती. त्यांनी ती फाडून रिसायकलिंगच्या डब्यात टाकली होती, पंधरा दिवसांपूर्वीच, नवी प्रिंट मिळाली त्याच दिवशी. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, एखाद्या नव्या कामगाराला सांगावं तसं. कारखान्यात सुधारलेलं ड्रॉइंग आलं की जुनं नष्ट करायचं. दोन ड्रॉइंग राहिली की कुणीतरी चुकीच्या ड्रॉइंगवरून काम करतो आणि माणूस मरतो. कोपऱ्यात रिव्हिजन टू लिहिलं होतं ना.

बाबांनी नकळत मान हलवली. "आमच्याकडेही तसंच असायचं," ते मराठीत म्हणाले.

मी वही उघडली आणि म्हणाले, मग आता तोंडी सांगा, कितीही वेळ लागू दे, मी सगळं लिहून घेते. त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं आणि हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "सॉरी. मला ते बोलता येत नाही. म्हणून लिहिलं होतं. कागद असता तर वाचता आलं असतं."

पुन्हा लिहाल का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारायला हवं होतं, की न विचारलं तेच बरं झालं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या मुलीने आम्हाला चहा दिला आणि आजोबांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली.

घरी आल्यावर बाबा सोफ्यावर बसले आणि त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. आवाजात राग नव्हता.

"ते त्यांनी कागदावर उतरवलं, आणि तो कागद वाचलेली तू एकटीच आहेस," ते म्हणाले. "मुलीलाही दाखवला नव्हता त्यांनी. आता तूच सांग. काय झालं त्यांच्या बहिणीचं?"

मी आठवायला लागले. ती बाहेर गेली होती. पाणी आणायला की कुणाचा तरी डबा द्यायला, ते आठवेना. वय लिहिलं होतं, तेही आठवेना. ती सापडली की नाही, हेसुद्धा मला सांगता येईना. बाबा थांबले होते. मी तो मजकूर दोनदा वाचला होता, पेन हातात घेऊन, आणि मला त्यातलं ठामपणे एवढंच आठवत होतं की परिच्छेद फार लांब होता.