बाबांची राहिलेली लस

कशेळ्याच्या आसपास राब भाजला की आठ दिवस सगळा गाव खोकतो. शेण, पातेरा, तोडलेल्या फांद्या शेतात पसरून पेटवायच्या, मग त्या भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं जोमानं येतात. खोकणाऱ्याची कोणी फारशी विचारपूस करत नाही. धूर बसलाय म्हटलं की विषय संपतो.

बाबांना साखर होती, दमाही होता. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या वेळी मला बजावलं, यांना न्यूमोनियाची लस द्या. मी शहाणा. खोपोलीला कारखान्यात नोकरीला, रोज पेपर वाचणारा. म्हटलं, ती तर आमच्या तान्ह्या पोरीला दिली, लहान मुलांची असते ना? बाई वैतागल्या नाहीत. पासष्टी ओलांडलेल्यांना, साखर-दमा असणाऱ्यांनाही ती लागते, म्हणाल्या. दंड एक-दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येईल. सगळे न्यूमोनिया तिनं टळत नाहीत, पण जिवावर बेतणारा आजार होण्याचा धोका बराच कमी होतो. आणि अंगात तिचा जोर यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून लांबवू नका.

बाबा तिथंच बाही वर करायला तयार होते. मोडता घातला मी. राबाच्या फांद्या तोडायच्या राहिल्या होत्या, दंड दुखला तर कोयता कोण चालवणार? राब होऊ दे, मग घेऊ, असं मी म्हणालो. खरं म्हणजे त्या कामासाठी मला रजा टाकायची नव्हती.

राब भाजायच्या सकाळी बाबांचं अंग मोडून आलं होतं. वारा पडलाय, आजच उरकून घ्या, म्हणून आईनं त्यांना शेतावर धाडलं. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, छातीत कळ येऊ लागली. धूर बसला, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणालो. तीन दिवस आम्ही काढा पाजत बसलो. ओठ निळे पडले तेव्हा पनवेलला नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, न्यूमोनियाची लस झाली होती का? मी नाही म्हणालो. लस झाली असती तर वाचले असते का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दोन दिवसांनी बाबा गेले.

गावाच्या लेखी ते धुरानं गेले. आईच्या लेखी तिनं धाडल्यामुळे गेले. पुढच्या वर्षी तिनं राब पेटवू दिला नाही, तिचं जेवण निम्म्यावर आलं. मी सगळं पाहत होतो आणि गप्प होतो. मला ते सोयीचं होतं, याची आजही लाज वाटते.

यंदा आईलाही साखर निघाली. त्याच डॉक्टरीणबाईंनी तीच लस सांगितली. आई नको म्हणाली, मी कुठं आता धुरात जाते? तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं, कोयत्याचं आणि रजेचंसुद्धा. ती उठली, आत गेली, लस घेऊन बाहेर आली. जीपची वाट पाहत आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी वर्सं मी मलाच बोल लावीत व्हते. तुला दिसत नव्हतं का रं?"