राखेतली जागा

थंडी पडली की आमच्या बंड्याला स्वेटर घालूनच सकाळी फिरायला न्यायचं, हा माझा हट्ट. माझ्याच जुन्या स्वेटरची बाही कापून शिवलाय तो. तरी वाटेत दहादा वाकून त्याचे कान चाचपते, गार तर पडले नाहीत ना म्हणून. जिवाला चैन कुठे!

कोपऱ्यावरच्या शेकोटीच्या राखेत भटकी कुत्री मुटकुळं करून झोपलेली असतात. आज बंड्या तिथेच अडून बसला. मी पट्टा ओढला.

"बसू द्या की ताई, ऊब आहे अजून," वॉचमन म्हणाला.

"आणि निखारा असला म्हणजे?" मी वाकून राखेवर हात धरला. राख नुसती कोमट होती. तेवढ्यात कडेच्या कुत्रीने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि अंग चोरून ती जराशी पलीकडे सरकली.

मी बंड्याला ओढतच घरी आणलं. आता तो गोधडीवर झोपलाय, कानही उबदार आहेत त्याचे. मी मात्र सारखी उठून खिडकीशी जाते. एवढ्या थंडीत कुणीतरी आमच्यासाठी सरकून जागा केली, आणि मी तिथे निखारा शोधत होते.