गुरुजी खोटे निघाले तेव्हाची मुदत

मुलीच्या लग्नाचे गुरुजी खोटे होते, हे मला लग्नानंतर पावणेतीन वर्षांनी सिल्व्हर पार्कमधल्या एका रिकाम्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कळलं. धाकट्या दिरांना मीरा रोडला भाड्याने जागा हवी होती, आणि असली कामं आमच्या घरात न विचारता माझ्याकडे येतात. एजंट नळ सोडून पाण्याचा जोर दाखवत होता. त्याचा आवाज ओळखीचा वाटला.

"तुम्ही आमच्या मुलीचं लग्न लावलंत," मी म्हणाले.

त्याने नळ बंद केला. "कौनसा हॉल, मॅडम?"

मी सांगितला.

"अच्छा, तो. त्या दिवशी हॉलवाल्यांचे गुरुजी आलेच नाहीत. मी डेकोरेशनला होतो. शेठ म्हणाले, तुझा आवाज भारी आहे, तूच बस." मग त्याने विचारलं, "दोघे बरे आहेत ना?"

बरे होते. तरी मी तिथून थेट वकिलांकडे गेले. हॉल, जेवण, सजावट आणि गुरुजी मी मुद्दाम एकाच ठिकाणी ठरवले होते, म्हणजे काही बिघडलं तर एकाच माणसाला फोन करावा लागेल. त्या माणसाने मंडप बांधणाऱ्याला पाटावर बसवलं होतं, आणि त्याच हॉलवर अजूनही लग्नं लागत होती. त्याला कोणीतरी जाब विचारायला हवा होता.

वकिलांना मी आधी लग्नाचं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "होम झाला? सप्तपदी झाली?"

"झाली."

"मग लग्न पक्कं. कायदा पावलं बघतो, गुरुजींचं शिक्षण नाही."

एक काळजी मिटली. दुसरी मुदतीची होती. ग्राहक म्हणून तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. लग्नाच्या दिवसापासून मोजली तर मुदत केव्हाच संपली होती. पण फसवणूक लपवून ठेवलेली असेल, तर ती कळल्यापासून मोजता येते, म्हणजे आमची नुकतीच सुरू झाली होती.

"फक्त एक आहे," वकील म्हणाले. "आधी कळलं नव्हतं, आणि जरा लक्ष दिलं असतं तरी कळलं नसतं, हे दाखवावं लागेल. मुलीचं प्रतिज्ञापत्र लागेल."

"कोणालाच कळलं नव्हतं," मी खात्रीने सांगितलं.

रविवारी मुलगी आणि जावई आमच्या इंद्रलोक वस्तीतल्या घरी जेवायला आले. मी सगळं क्रमाने सांगितलं. मुलीने आमटीची वाटी खाली ठेवली.

"आई, मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हा म्हणजे?"

"कन्यादानाला. तो जेवणाआधीचा श्लोक म्हणत होता. शाळेत डबा उघडण्याआधी म्हणायचो तो. फक्त नाकातून."

"हो, तो मीही ऐकला," आमचे हे म्हणाले. "मला वाटलं, पंगत बसली असेल."

"अहो, मी तुमच्या शेजारीच बसले होते!"

"तू जेवणवाल्याला हाताने खुणा करत होतीस. पापडांचं काहीतरी चाललं होतं."

जावयाकडे बघितलं. त्याने पानातली कोशिंबीर फारच लक्षपूर्वक खायला घेतली. "मी सांगणार होतो, आई. हिने माझा हात दाबला."

"का गं?"

"तू लग्न थांबवलं असतंस," मुलगी म्हणाली. "दुसरे गुरुजी आणले असतेस आणि पहिल्यापासून सगळं करायला लावलं असतंस."

"अर्थातच."

"बाबांच्या बायपासला दोनच महिने झाले होते. पाटावर बसून घामाने भिजले होते, आणि उठायला तयार नव्हते. हा माणूस भराभर आटपत होता. मी म्हटलं, म्हणू दे श्लोक."

ह्यांनी ताक मागितलं. मी दिलं. त्या दिवशी त्यांना घाम आल्याचं मला आठवत नव्हतं. पापड आठवत होते.

"तू दावा लाव," मुलगी म्हणाली. "त्या हॉलवाल्याला सोडू नकोस. पण मला आत्ता कळलं, असं मी शपथेवर लिहून देणार नाही."

सोमवारी वकिलांनी तक्रारीचा मसुदा पुढे केला. सही करण्याआधी मी त्यांना कन्यादानाचं सांगितलं. त्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं.

"मॅडम, समोरचा एवढंच धरून बसणार. मुदत लग्नाच्या दिवसापासून, म्हणजे संपलीच. तुम्ही मुलीला विचारलंत कशाला? नुसती सही घ्यायची."

"लग्न तिचं होतं," मी म्हणाले, आणि आमचे कागद परत मागितले.