आईचा उजवा डोळा

आईच्या डाव्या डोळ्यामागच्या नसेला गाठीने वेढलं होतं. डोळा बाहेर आला होता, पण थोडं दिसत होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, गाठ काढली तर नजर जाईल, ठेवली तर ती मेंदूकडे सरकेल. आम्ही ऑपरेशन करून घेतलं. डोळा जागेवर बसला आणि त्याची नजर गेली. पनवेलच्या मासळी बाजारात आईशेजारी बसणाऱ्या बायका मात्र म्हणतात, पहिल्यासारखी झालीस, देव पावला. मला चीड येते. आई नुसती मान वळवते आणि उजव्या डोळ्याने कल्ले बघून ताजी मासळी निवडते.

काल तिची वेणी घालताना आरशात मला उजवा डोळाही पुढे आलेला दिसला. माझे हात थांबले.

आई म्हणाली, "आता याचा नंबर हाय. तू वेणी घाल, बाजार भरला आसंल."